सव्वीसच्या वर नाही

...नाही, पण मला एक सांगा, दगडांना ताप येईल म्हणून माणूस सख्ख्या नातीला बघायला जात नाही, हे तुम्ही कुठे ऐकलंय? नाही ना? मग बसा. ती पिशवी ठेवा खाली, चहा उकळेपर्यंत सांगते.

आमच्या समोरच्या दारातले घड्याळवाले भाऊजी. खाली रस्त्याला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, एवढंसं, की तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याने बाहेर येऊन जागा द्यायची. भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि चाळीसही वेगवेगळी वेळ दाखवतात, त्याचं ह्या माणसाला काही म्हणजे काही नाही! मी एकदा विचारलं, "भाऊजी, ह्यातलं खरं कुठलं?" तर म्हणाले, "वहिनी, दुरुस्तीला आलीत ती. खरी असती तर आली कशाला असती?" असा मवाळ माणूस. पण वर घरात ती काचेची टाकी आहे ना, समुद्राच्या पाण्याची... तिचं पाणी अर्धा डिग्री हललं की हाच माणूस दुकानावर 'आत्ता येतो'ची पाटी लटकवून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर! आणि जिन्यात तोंडाने काय चाललेलं? "पंचवीसच्या खाली नाही, सव्वीसच्या वर नाही... पंचवीसच्या खाली नाही, सव्वीसच्या वर नाही..." मला वाटायचं जपच करतात.

आता मी कुणाच्या घरात डोकावत नाही हं. तसली सवय नाही मला. माझं दार उघडं असतं, त्यांचं दार उघडं असतं, मध्ये माझे डोळे येतात, त्याला मी काय करू?

तर ती टाकी. आत मासे किती, तर पाच. बाकी सगळे दगड! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "भाऊजी, एवढा मोठा हौद आणि आत नुसती फुलकोबी ठेवलीय होय?" त्यांचा चेहरा असा झाला जसं मी त्यांच्या आईला काही बोलले. "वहिनी, प्रवाळ आहेत ते. जिवंत असतात. पाणी तापलं तर आजारी पडतात. रंग जातो, पांढरे पडतात, आणि मग..." त्या पाच माशांतला एक पिवळा, बोटाएवढा, दिवसभर काय करतो, तर तोंडात वाळू घेऊन ह्या कोपऱ्यातली त्या कोपऱ्यात नेऊन टाकतो, आणि दुपारनंतर तीच वाळू उचलून परत ह्या कोपऱ्यात! मी त्याचं नाव ठेवलं कारकून. आमचे हे सरकारी कचेरीत आहेत, त्यांना नाही आवडलं.

बरं, पाणी गार ठेवायला काय काय! वर दोन छोटे पंखे, पाण्यावर वारा घालायला. खाली कपाटात एक यंत्र, चिलर म्हणतात, ते पाणी आत ओढतं, गार करतं, परत सोडतं. आणि तापमापक एक नाही, दोन! एक काचेचा आतमध्ये, एक आकडे दाखवणारा बाहेर. म्हटलं, दोन कशाला? तर म्हणाले, "एक खोटं बोलला तर?" बघा म्हणजे, माणसांवर एवढा विश्वास आणि यंत्रावर नाही! आमचे हे म्हणाले, "लग्नाला तेवीस वर्षं झाली, माझ्या अंघोळीचं पाणी कधी असं मोजलंस?" म्हटलं, तुमचा रंग जायचा राहिलाय कुठे आता.

असो. तर झालं काय, भाऊजींच्या मुलीला मुलगी झाली. लांब राहते ती, एका दिवसाचा प्रवास. घड्याळवाल्या वहिनी बाळंतपणाला तिकडे गेलेल्या. आता बाळ दोन महिन्यांचं झालं, हसायला लागलं, आणि आजोबांचा पत्ता नाही! का? तर उन्हाळा आहे. पाणी तापेल. फोटो बघतात, व्हिडिओ बघतात, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवतात, पण जायचं म्हटलं की, "थोडं ऊन उतरू दे." शेवटी वहिनींचा मला फोन. मला! त्यांच्या नवऱ्याला नाही, मला. आवाज असा बारीक, "वहिनी, त्यांना पाठवा हो. मुलगी बोलत नाही काही, पण परवा म्हणाली, बाबांना माझ्यापेक्षा त्या टाकीचंच कौतुक. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आता नाही आले ना, तर सांगा त्यांना, मीसुद्धा इथेच राहते. त्यांनी माशांशी संसार करावा."

मग मी काय गप्प बसणार? मी सरळ त्यांच्या दारात. म्हटलं, "भाऊजी, पिशवी भरा. तीन दिवस जा. टाकीचं मी बघते."

"तुम्ही?"

"का? मी तीन पोरं वाढवली. एकाचा तरी रंग गेला का?"

दोन दिवस विचार केला हो त्यांनी! मग माझी शिकवणी सुरू. तीन पानं लिहून काढली, मुंगीएवढ्या अक्षरात, घड्याळवाल्याचं अक्षर, ते भिंग लावून वाचायचं. एवढं पाणी आटलं की एवढं साधं पाणी घालायचं, ह्या खुणेपर्यंत. मीठ घालायचं नाही, मीठ उडून जात नाही, नुसतं पाणी उडून जातं. मी सवयीने बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात घालतात तसं कोपर बुडवायला गेले, तर ओरडलेच, "वहिनी, हात नको! हाताला तेल असतं, साबण असतो!" म्हटलं, मग अंदाज कसा घ्यायचा? "अंदाज घ्यायचाच नाही! आकडा बघायचा! पंचवीसच्या खाली नाही, सव्वीसच्या वर नाही!" आणि निघताना जिन्यातून चार पायऱ्या उतरून परत वर आले. मला वाटलं काही विसरले. तर टाकीच्या काचेला कपाळ लावून उभे. मी तोंड फिरवलं. माझ्यासारखीने तोंड फिरवलं म्हणजे समजा तुम्ही.

पहिला दिवस छान गेला. म्हणजे पाण्याचा. माझा नाही. सकाळी आठला फोन, साडेनऊला फोन, सव्वादहाला फोन. मी विचारते, "बाळ कसं आहे?" "आहे आहे, छान आहे. पाणी?" "पंचवीस पॉइंट पाच. बाळ कुणासारखं दिसतं?" "कुणासारखं... असं काही... पंखे चालू आहेत ना दोन्ही?" मागून वहिनींचा आवाज, "आधी तिला घ्या हो हातात, मग बोला फोनवर!" आणि हे म्हणतात, "हात मोकळा नाही माझा." का? तर हातात फोन!

दुसरा दिवस. आता इथून जरा नीट ऐका, कारण इथे माझीच चूक आहे, आणि ती मी सगळ्यांना सांगत नाही.

सकाळपासून असं ऊन, असं ऊन, की गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल खाली आणेपर्यंत पापड झाला. अकराला मी त्यांच्या घरात गेले. आकडा सव्वीस पॉइंट एक. एक पॉइंटाने वर! आणि बघते तर काय, खिडकी सताड उघडी! समोरच्या पत्र्यावरून नुसत्या झळा आत येतायत आणि गार करणारं यंत्र बिचारं घुर्र घुर्र करतंय. म्हणजे आत गार करायचं आणि खिडकीतून सोडून द्यायचं? कागदावर भाऊजींनी लिहिलं होतं खरं, दुसऱ्या पानावर, खाली रेघ मारून, 'खिडकी व दार उघडे ठेवावे.' पण मी म्हटलं, पुरुषमाणूस आहे, चुकून लिहिलं असेल. दवाखान्यात गार खोलीत गेलं की आधी काय सांगतात? दार लावा! बँकेत काय लिहिलेलं असतं? दार बंद ठेवा! एवढं तर शाळेत न गेलेल्यालाही कळतं, मी तर सातवी आहे.

लावली खिडकी. ओढला पडदा. दार घट्ट, आणि दाराच्या फटीला गोधडी! एवढुसासुद्धा गारवा बाहेर जाता कामा नये. काय समाधान वाटलं तुम्हाला सांगते... आता काय बिशाद आहे पाण्याची तापायची!

तेवढ्यात आमच्या सासूबाई आल्या. ब्याऐंशी वर्षं, गुडघे धरलेले, पण दुसऱ्याच्या घरात काय चाललंय बघायला जिना चढतात. आमच्याकडे ही आवड सासरकडून आलीय, माझ्याकडून नाही. "मीठ घातलंस का चवीपुरतं?" म्हणाल्या. म्हटलं, आई, बसा गुपचूप. त्यांनी स्टूल ओढलं आणि बरोब्बर त्या कपाटाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे पाठ करून बसल्या. म्हटलं बसू दे, तेवढीच सोबत.

बाराला बघितलं, सव्वीस पॉइंट आठ. एकाला, सत्तावीस पॉइंट दोन. अहो, वाढतंय! मी काचेचा तापमापक बघितला, म्हटलं एक खोटं बोलत असेल, तर नाही, दोघं अगदी एकमताने! आमच्या घरात दोन माणसांचं एवढं एकमत कधी झालं नाही. मी पडदा आणखी ओढला. गोधडी आणखी कोंबली. घामाने माझी अशी अवस्था, आणि पाणी सत्तावीस पॉइंट सहा!

आणि नेमका फोन.

उचलला. आवाज एकदम हळू, कुजबुजल्यासारखा. "वहिनी... घेतलीय मी. पहिल्यांदाच. झोपलीय हातावर. एवढीशी आहे हो... घड्याळाचं आतलं चक्र असतं ना, त्याच्याएवढं नख." मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "पाणी?"

आता काय सांगायचं तुम्ही सांगा! खरं सांगितलं तर हा माणूस बाळ खाली ठेवून पहिल्या गाडीत बसणार, मुलगी आयुष्यभर बोलणार नाही, वहिनी तिकडेच राहणार. खोटं सांगितलं आणि इकडे दगड मेले, तर मी कुठल्या तोंडाने ते समोरचं दार बघू? माझं स्वतःचं दार उघडं ठेवायचं कसं मी? आकडा डोळ्यासमोर लाल दिसतोय. आणि माझ्या तोंडून आलं, "पंचवीस पॉइंट सहा."

"छान," म्हणाले. "ठेवतो मग. जागी होईल."

फोन ठेवला आणि बघते, तर कारकून थांबलेला! वाळू तोंडात घेतलेली आणि तसाच एका जागी. टाकायचं भानच नाही. ते मोठं फुलकोबीसारखं प्रवाळ, सकाळी असं पसरलेलं, ते आत ओढून घेऊन मूठ मिटल्यासारखं झालं होतं. तोपर्यंत मी दगड दगड म्हणत होते हो... त्या क्षणी मला माझी धाकटी आठवली, लहानपणी तापात अशीच मुठी आवळून पडायची. तेव्हापासून मी त्यांना दगड नाही म्हटलं. बरं, म्हटलं, पण तोंडावर नाही.

मग काय, धाव! कागदावर होतं, फार वर गेलं तर बर्फाची बाटली, झाकण घट्ट, बाहेरून धुतलेली, दोरीने सोडायची, एका वेळी एक, एकदम गार करायचं नाही, त्यानेही आजारी पडतात. म्हणजे तापले तरी आजारी, गार झाले तरी आजारी, जावयाच्या वरताण! आमच्या फ्रीजमध्ये एकच बाटली. खालच्या शिवणवाल्या बाईकडे दोन. वरच्या मास्तरांकडे एक, तिच्यात त्यांनी सरबत गोठवलेलं, म्हणाले, "चालेल का?" म्हटलं, झाकण घट्ट असेल तर रॉकेल असलं तरी चालेल!

आमचे हे जेवायला घरी आले तेच मी ओढत समोर नेले. बूट काढायलाही वेळ दिला नाही. हातात दोरी दिली, दोरीला बाटली, बाटली पाण्यात. "हलवू नका. हात बुडवू नका. बर्फ वितळला की दुसरी." ते उभे, गळ टाकून बसलेल्या माणसासारखे, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात. म्हणाले, "साहेबांना काय सांगू?" म्हटलं, सांगा, समुद्रात अडकलो.

तीन बाटल्या संपल्या. आकडा? अठ्ठावीस पॉइंट एक! बर्फ घालून पाणी वाढतंय! मी अक्षरशः खाली बसले. म्हटलं, संपलं. पंचवीसच्या खाली नाही, सव्वीसच्या वर नाही, आणि मी अठ्ठावीसवर नेऊन ठेवलं. रडूच आलं मला.

तेव्हा कपाटाच्या मागून सासूबाईंचा आवाज, अगदी तृप्त, "काय गं झालं? रडतेस कशाला? मी तर म्हणते रोज यावं इथे. काय छान गुडघे शेकले जातायत!"

"गुडघे?"

"हो ना. गरम गरम वाफ येते ह्याच्या मागून. मलमापेक्षा बरी."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. उठले, कपाटाच्या मागे हात धरला, आणि हो! चुलीपुढे धरावा तसा वारा! अहो, ते यंत्र पाण्यातली उष्णता काढतं, पण ती काही खात नाही, मागून बाहेर टाकतं! आपला फ्रीज नाही का मागून तापत, अगदी तसं! आणि मी काय केलं होतं? सगळ्या खिडक्या-दारं लावून, फटीत गोधडी कोंबून, ती सगळी उष्णता त्याच खोलीत कोंडून ठेवली होती, आणि वर सासूबाई यंत्राच्या मागच्या जाळीसमोर पाय पसरून! यंत्र पाणी गार करतंय, खोली तापवतंय, खोली पाणी तापवतेय, आणि मी मध्ये उभी राहून पडदा ओढतेय!

"आई, उठा!"

"का गं? आत्ता कुठे डाव्याला बरं वाटतंय."

"उठा म्हणते ना!"

गोधडी काढली, दार उघडलं, खिडकी उघडली, आमचं दार उघडलं, आमची मागची खिडकी उघडली, इकडून तिकडे वारा सुरू झाला, आणि आतून जी वाफ बाहेर आली, जिन्यातून शिवणवाली ओरडली, "काय शिजवताय?" आमचा मोठा पंखा आणला, यंत्राच्या पाठीला लावला. आणि बसलो तिघं त्या आकड्यासमोर. सत्तावीस पॉइंट नऊ... सत्तावीस पॉइंट सहा... साहेबांचा फोन येऊन गेला, ह्यांनी उचलला नाही! साडेपाचला सव्वीस पॉइंट सात. आणि दिवे लागायच्या वेळेला, सव्वीस. बरोब्बर सव्वीस! आणि कारकुनाने तोंडातली वाळू टाकली. आमचे हे टाळ्या वाजवायला लागले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी कुठल्या कारकुनासाठी टाळ्या वाजवताना पाहिलं.

पण मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, काल मी खोटं बोलले."

"किती होतं?"

"तेव्हा सत्तावीस पॉइंट सहा. नंतर अठ्ठावीस पॉइंट एक."

"किती वेळ?"

"दुपारभर. मी खिडकी लावली होती. तुम्ही रेघ मारून लिहिलं होतं तरी लावली. आता पंचवीस पॉइंट सात आहे. एक प्रवाळ सोडून सगळी उघडलीत. ते एक अजून मिटलेलंच आहे."

मला वाटलं, आता हा माणूस गाडीत. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही काल खरं सांगितलं असतं, तर मी उठलो असतो. दोन तास झोपली ती माझ्या हातावर. मुलगी समोर बसून बघत होती. काही बोलली नाही, नुसती बघत होती." मग म्हणाले, "खिडकी का लावलीत पण?"

म्हटलं, "गारवा बाहेर जाईल म्हणून."

आणि हसले हो! तो माणूस, जो अर्ध्या डिग्रीला जिना चढतो, तो पोट धरून हसला, आणि मागून वहिनी, "काय झालं, काय झालं?" आणि मग तीन दिवसांचे दहा दिवस झाले. फोनसुद्धा दिवसातून एकच. तोही बाळाचं सांगायला! मीच आपली, "अहो, पाणी विचारलं नाहीत?"

आले परवा. डोळ्याला दुकानातलं भिंग लावून अर्धा तास टाकीसमोर बसले. मी दारात उभी. म्हणाले, "एका कडेला पांढरं पडलंय. चार-सहा महिन्यांत येईल रंग परत. वाचलंय." मी सुटले! आणि मग काय म्हणाले माहितीये? "मुलगी म्हणतेय, दर महिन्याला आठ-दहा दिवस या. आता इकडे तुम्ही आहातच. शिकलात ना एवढं." आणि किल्ली माझ्या हातात.

आता माझी धाकटी बहीण तिकडून फोन करते, "ताई, किती वर्षं झाली, ये की चार दिवस." मी म्हटलं, "उन्हाळ्यात नको गं बाई, पाणी सोडून हलता येत नाही. थंडी पडली की येते, नक्की." भाऊजी दारातच होते, बुटाची नाडी बांधत. हळूच म्हणाले, "वहिनी, थंडीत चिलर बंद असतो."

म्हटलं, "मग बरं झालं की!"

"पण हीटर चालू असतो ना. तो कधीकधी चालूच राहतो, बंद व्हायचं विसरतो. त्याच्यावर तर जास्तच लक्ष ठेवायला लागतं. पंचवीसच्या खाली..."

"कळलं! सव्वीसच्या वर नाही! मग पावसाळ्यात जाते मी. पावसाळ्यात ना चिलर, ना हीटर."

"हो हो, पावसाळ्यात खुशाल जा," म्हणाले, अगदी प्रेमाने. "पावसाळ्यात काही नसतं, वहिनी. पावसाळ्यात फक्त लाइट जाते."